चार व्हायोला आणि एक भोंगा

सोमवार, ६ नोव्हेंबर

परत तेच. तालीम सुरू व्हायची होती, मी व्हायोलाच्या, त्या जाड आवाजाच्या मोठ्या व्हायोलिनच्या, तारा जुळवत होते, तेवढ्यात मागून भोंग्याचा आवाज — "ऑर्केस्ट्रातला व्हायोलावाला वारला हे कधी कळतं? त्याचा काळा कोट परत आला की." मागची अख्खी पितळी रांग खो खो. व्हायोलिनवाले माना वळवून वळवून हसले. आणि लंबूही हसला! माझ्या शेजारी बसतो, माझ्याच पानावरून वाजवतो, आणि हसतो. म्हटलं, तुला रे काय झालं हसायला? तर म्हणतो, "ताई, हसलो नाही तर आणखी दोन सांगतात."

भोंगा म्हणजे आमचा हॉर्नवाला. बरोब्बर माझ्या पाठीमागे खुर्ची. मांडीवर ते पितळेचं वेटोळं आणि तोंडात सदानकदा विनोद. हॉर्नला निम्मा वेळ कामच नसतं, नुसतं मोजत बसायचं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आणि भिंत कोण, तर मी.

मी हसत नाही. कधीच हसले नाही. म्हणून मी खडूस.

मंगळवार, ७ नोव्हेंबर

आज दोन. त्यातला एक मागच्या वर्षीचा, शिळा. तरी हसले मेले.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

तालीम संपल्यावर मॅनेजरबाईंनी बोलावलं. व्हायोलांची मुख्य मी, म्हणून मला एकटीला. पुढच्या हंगामापासून चार व्हायोलांचे दोन करायचं घाटतंय. "अजून ठरलेलं नाही हं, महिनाअखेरीला मीटिंग आहे. पण साहेबांचं मत असं की मधले सूर थोडे कमी झाले तरी चालून जाईल." साहेब म्हणजे काडीवाला, समोर उभा राहून काडी हलवतो तो. आणि हे सांगताना बाई हसत होत्या. वर म्हणतात कशा — "तुम्हा लोकांना तर विनोदांची सवयच आहे."

म्हणजे जुळ्या जाणार. मागच्या स्टँडवरच्या दोघी. बहिणीसुद्धा नाहीत एकमेकींच्या, पण येतात एकत्र, डबा खातात एकत्र, सर्दीसुद्धा एकदमच होते, म्हणून जुळ्या. थोरलीच्या घरात ती एकटी कमावती. धाकटीला सांगितलं तर म्हणाली, "मला तर फोनवरसुद्धा धड बोलता येत नाही हो ताई. मला दुसरं कोण ठेवून घेणार?"

मी का हसत नाही, ते आता कळलं का कुणाला? रोज उठून हसत हसत सांगायचं, हे बिनकामाचे, हे बिनकामाचे. ऐकणाऱ्याच्या मनात ते मुरतं. मग एक दिवस तेच मीटिंगच्या टेबलावर येतं, आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटत नाही.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. चष्म्याचं दुकान बंद करून नुकताच आला होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतो, "अगं, व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण, लग्न न जमलेली. तिला कोण विचारतंय?" मी ताट उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेरून म्हणे, "चेष्टा केली गं!"

चेष्टा. आग लागो त्या शब्दाला.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

काडीवाल्याशी बोलायला गेले. त्याने घड्याळ बघितलं. मी परत आले.

रविवार, १२ नोव्हेंबर

तिघांना घरी बोलावलं. अर्ज करू, भेटू, सह्या गोळा करू — नुसतं गुऱ्हाळ. थोरली जुळी रडायला लागली. लंबू जमिनीकडे बघत बसला. चहा गार.

सासूबाई कोपऱ्यात बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "इतकं बोलताय कशाला? मी एक दिवस आजारी पडले तर या घरात कुणाला चमचा सापडत नाही. कुणी सांगावं लागत नाही की म्हातारी महत्त्वाची आहे. त्यांचं त्यांनाच कळतं."

मी सासूबाईंकडे बघतच राहिले. एरवी आमचं फारसं पटत नाही, पण आज उठून पाया पडावंसं वाटलं.

ठरलं. मंगळवारच्या तालमीत, सध्या बसवतोय त्या रचनेचा पहिला भाग नीट वाजवायचा. दुसरा भाग संथ आहे. वर व्हायोलिनं बागडतात, खाली चेलो टुकटुक करतात, आणि मध्ये आम्ही एकेक सूर धरून बसतो. तिथे थांबायचं. पण वाजवल्यासारखं दाखवायचं. बोटं चालू, गज चालू, फक्त गज तारेपासून केसभर वर. खुर्च्या रिकाम्या ठेवून बोंब मारली तर कुणालाही कळेल. डोळ्यांना नाही, कानांना कळू दे. मधलं सगळं पोकळ होऊन जाईल. काडीवाला थांबवेल, विचारेल, "अरे, काय झालं?" तेव्हा मी उभी राहणार आणि सांगणार.

लंबू म्हणाला, "ताई, तालमीत मुद्दाम न वाजवणं म्हणजे शिस्तभंग. काढून टाकतात." म्हटलं, मी सांगितलं म्हणून सांग. तुमची मुख्य मी आहे.

सोमवार, १३ नोव्हेंबर

आरशासमोर न वाजवण्याचा सराव केला. वाजवण्यापेक्षा अवघड आहे! दंड भरून येतो. सासूबाई भाजी निवडत समोरच बसल्या होत्या. पूर्ण भाग झाल्यावर म्हणाल्या, "आज गोड वाजवलंस हो. डोकं नाही उठलं."

यांना आता काय म्हणायचं!

मंगळवार, १४ नोव्हेंबर

केलं. आणि जे झालं ते लिहायलासुद्धा लाज वाटते.

दुसरा भाग सुरू झाला. चौघांचे गज वर. वाटलं, आता थांबवेल. मग थांबवेल. काडीवाला डोळे मिटून डोलत होता. पान उलटलं. आणखी एक उलटलं. कुणीही वळून बघितलं नाही. शेजारचे चेलोवाले हातभर अंतरावर बसतात, ते आपले मजेत.

मग थांबवलं एकदाचं. मी उठायच्या बेतात होते. तर आमच्याकडे बघून म्हणतो — "व्हायोला, वा! असंच हवं. छान मिसळून. आज पहिल्यांदा तुम्ही कुणाच्या पायात आला नाहीत."

मी उठले नाही. काय सांगणार उठून? साहेब, तुम्ही जे ऐकलंत ते काहीच नव्हतं? अख्खा ऑर्केस्ट्रा गडाबडा लोळला असता. असा विनोद भोंग्यालासुद्धा सात जन्मांत सुचला नसता, आणि तो मी माझ्या हाताने करून दिला.

एकच सुख. भोंग्याची मस्त जिरली! दुसऱ्या भागात बरंच मोजून झाल्यावर त्याचा एकट्याचा सूर येतो, अगदी हलका. आज भलताच फुंकला. शेजारचा सूर, चिरकलेला. काडीवाल्याने परत घ्यायला लावलं. आम्ही परत मुके. परत चुकला. तिसऱ्यांदाही. "कान घरी विसरून आलात का?" काडीवाला सगळ्यांसमोर ओरडला. भोंगा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल. "माफ करा," म्हणाला. मी मनातल्या मनात म्हटलं, भोगा आता.

बुधवार, १५ नोव्हेंबर

मॅनेजरबाई जिन्यात भेटल्या. "साहेब खूश आहेत हो तुमच्यावर. म्हणाले, काल व्हायोला जवळजवळ ऐकूच आले नाहीत आणि किती छान वाटलं. दोन पुरतील, याची त्यांना आता खात्रीच पटली."

खात्री पटली! घरी येऊन मी भांडी घासली. घासलेलीच परत घासली. नवरा दोनदा आत डोकावला आणि काही न बोलता निघून गेला. शहाणा आहे.

शनिवार, १८ नोव्हेंबर

भोंगा मंगळवारपासून गप्प आहे. एक विनोद नाही. व्हायोलिनवाल्यांनी टोचलं — "काय हो, दुकान बंद?" नुसता हसल्यासारखं केलं.

एका चुकीत एवढा फुगा फुटला? आम्ही वर्षानुवर्षं ऐकून घेतोय, आम्ही नाही पडलो आजारी. जरा चटका बसला तर बसू दे. बरं वाटतंय मला. हो, वाटतंय.

मंगळवार, २१ नोव्हेंबर

दुसरा भाग परत घेतला. आम्ही वाजवला, नीट, चौघांनी. भोंग्याचा सूर आला तो बरोबरच आला, पण इतका घाबरत की अर्धा हवेतच गेला. काडीवाल्याने काडी खाली ठेवली आणि तो सूर दुसऱ्या हॉर्नवाल्याला देऊन टाकला. सगळ्यांदेखत. भोंग्याने पान काढून शेजारी सरकवलं.

लंबू माझ्या कानात म्हणाला, "ताई, मला हे बरं नाही वाटत." म्हटलं, तू पान उलट.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

आज भोंगा कॉरिडॉरमध्ये माझ्यासाठी थांबला होता. पाण्याच्या नळाशी. मला वाटलं, आला विनोद घेऊन. मी ऐकायच्या आधीच तोंड वाकडं केलं.

तो म्हणाला, "व्हायोलाबाई, मी सोडतोय. मीटिंगच्या आधी कळवून टाकणार आहे. म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं, इतकी वर्षं तुमच्या पाठीला डोळे लावून बसलोय."

मी विचारलं, का? एका चुकीसाठी?

"चूक नाही हो. कान गेले." मग सांगत बसला. हॉर्नमध्ये सूर आधी मनात ऐकावा लागतो. मनात नसेल तर ओठ भलतीकडे जातात आणि शेजारचाच सूर निघतो. "तो दुसऱ्या भागातला माझा सूर आहे ना, तो तुम्ही आधीपासून धरलेला असता. मी तुमचा ऐकतो, मनात म्हणतो आणि फुंकतो. पहिल्यापासून असंच करतोय. तुमच्यासमोर कधी बोललो नाही. त्या मंगळवारी तुमचे चौघांचे गज फिरताना मला दिसत होते. डोळ्यांनी दिसत होते हो! आणि ऐकू काही येत नव्हतं. अक्षर नाही. पुढच्या वेळी आलं. म्हणजे येतं आणि जातं. डॉक्टर म्हणतात, कान वयाच्या मानाने ठीक आहेत. त्यांच्या मशीनला काय कळतंय? मी बघितलं ना, वाजत होतं आणि मला ऐकू येत नव्हतं."

माझ्या तोंडात शब्द होता. अगदी जिभेवर. जुळ्या समोरून येत होत्या, एकीच्या हातात दोघींचे डबे.

मी म्हटलं, काळजी घ्या.

काळजी घ्या! जीभ झडली कशी नाही माझी.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

प्रत्येक वाद्याच्या स्टँडवर फक्त त्या वाद्याचं पान असतं. मागच्याच्या पानावर काय लिहिलंय, ते मला ठाऊक नसतं. माझा सूर कुणाच्या उपयोगी पडतो, ते मी एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाही. मला वाटायचं, माझं कुणी ऐकत नाही, आणि मी त्यावर नुसती जळत बसायचे. ऐकत होता तो कोण, तर हा. हा! दुसरं कुणी नाही सापडलं देवाला?

मला त्याची दया येत नाहीये. मला राग येतोय. ज्याला आमच्यावाचून एक सूर धड फुंकता येत नाही, त्याने रोज उठून आम्हाला बिनकामाचे म्हणावं? आधी सांगायला काय झालं होतं? एकदा, एकदा जरी म्हणाला असता, बाई, तुमचा सूर मला लागतो, तर हे काही झालं नसतं.

रविवार, २६ नोव्हेंबर

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस. त्याने तुला काय कमी छळलंय? सांगितलंस तर तुझी नोकरी जाईल, त्या दोघींची जाईल. तो तसाही साठीला आलाय." बोलतो ते खरं आहे. आणि ऐकताना मला त्याचाच राग आला.

सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, धडधाकट माणसाला मी बहिरा झालो असं वाटायला लावायचं आणि वर गप्प बसायचं, याला काय म्हणतात ते मी सांगायला नको."

लंबूला फोन केला. तो म्हणाला, आपण चौघं मिळून सांगू. त्याला झापला. म्हटलं, खबरदार. उद्या मी बोलेन, आणि तुम्ही तिघांनी खाली मान घालून बसायचं. मी हुकूम दिला, तुम्ही ऐकलात. संपलं.

सोमवार, २७ नोव्हेंबर

सांगितलं.

तारा जुळवून झाल्या, काडीवाल्याने काडी उचलली आणि मी उभी राहिले. म्हटलं, साहेब, चौदा तारखेच्या तालमीत दुसऱ्या भागात व्हायोला वाजतच नव्हते. मी सांगितलं होतं न वाजवायला. आमचे गज वरच्या वर फिरत होते.

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "पण मी तर त्या दिवशी तुमची तारीफ केली होती."

हो, म्हटलं. त्याचीच.

मग जो स्फोट झाला! बासरीवाली स्टँडवर डोकं टेकून हसत होती. ढोलवाल्याच्या हातातून काठी पडली. पहिल्या रांगेतला एकजण म्हणत होता, "थांबले आणि छान वाटलं! थांबले आणि छान वाटलं!" मला कळत होतं की हा विनोद माझ्या मरणानंतरही लोक सांगणार आहेत, जिथे कुठे चार वाजवणारे जमतील तिथे. मी सगळ्यांचं हसून होईपर्यंत उभी राहिले. माझे दात इतके आवळलेले होते की अजून जबडा दुखतोय.

मग म्हटलं — "आता ऐका. या खोलीत एवढी माणसं आहेत. सगळे स्वतःला मोठे कानवाले समजता. आम्ही नाही, हे तुमच्यापैकी एकालाही कळलं नाही. साहेबांना कळलं नाही. कळलं ते फक्त यांना." आणि मागे हॉर्नकडे हात केला. "त्या दिवशी यांना काही ऐकू आलं नाही, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. कान यांचे शाबूत आहेत. बाकीच्यांनी आपापले डॉक्टरला दाखवून घ्या."

कुणी हसलं नाही.

भोंगा म्हणाला, "चौघंही नव्हता वाजवत?"

चौघंही.

त्याने हॉर्न खाली जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. खांदे हलायला लागले. मला वाटलं, हसतोय. नव्हता हसत.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

मीटिंग झाली. मधले सूर कमी केले तरी चालेल, असं म्हणायची आता काडीवाल्याची सोय राहिली नाही. सगळ्या गावात झालंय. चाराचे दोन होणार नाहीत, तीन होणार. जाणारी मी. हंगाम संपेपर्यंतसुद्धा नाही, आजपासूनच. शिस्तभंग. मॅनेजरबाई या वेळी हसल्या नाहीत, एवढी प्रगती.

जुळ्या गळ्यात पडून रडल्या. लंबू मुख्य झाला. त्याला म्हटलं, कुणी विनोद सांगितला आणि तू हसलास असं माझ्या कानावर आलं तर घरी येऊन झोडीन.

भोंगा फाटकापाशी भेटला. राजीनामा मागे घेतलाय. आभार वगैरे काही मानले नाहीत. उलट चिडलेला होता. "दोन आठवडे माझी बायको माझ्याशी ओरडून बोलतेय, व्हायोलाबाई. मी रात्र रात्र बसून घड्याळाची टिकटिक ऐकत होतो, येते का नाही ते बघायला. हे मी विसरणार नाही."

नका विसरू, म्हटलं. आणि तुमचे विनोद?

"ते विनोद होते."

हीसुद्धा चेष्टाच होती, म्हटलं.

मग तो आत गेला आणि मी बाहेर आले.

मंगळवार, ५ डिसेंबर

कपाटातले जोडे आणि राळेची डबी राहिली होती, ती आणायला गेले. आत दुसरा भाग चालू होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाहेर उभी राहून ऐकला. हॉर्नचा सूर आला, स्वच्छ, जागच्या जागी. लंबू आणि जुळ्या नीट धरून होते. तीन व्हायोला. एक कमी आहे, हे बंद दारातूनसुद्धा कळतं. कळतं मेल्यांनो, चांगलं कळतं.